‘फ्लो कंट्रोल ऑन करा, एक बाइटही हरवत नाही’ : हे कितपत खरं?

जीएनएसएस रोव्हर (उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा मोजणारा फिरता रिसीव्हर) घेऊन जमीन मोजणी करणाऱ्यांमध्ये लातूरपासून जालन्यापर्यंत एक मेसेज फिरतोय. सार असं: रिसीव्हरचा डेटा लॅपटॉपवर तुटक येत असेल तर आधी आभाळ बघा. आभाळ साफ असेल तर फ्लो कंट्रोल (डेटाचा ओघ थांबवायची-सोडायची सेटिंग) ऑन करा, कोणताही चालेल, मग एक बाइटही हरवत नाही. आणि यूएसबी असेल तर काहीच बघायची गरज नाही.

आभाळाचं लवकर उरकू. ‘ढग आलेत, फिक्स येईना झालाय’ (फिक्स म्हणजे सेंटिमीटरपर्यंत अचूक स्थान) हे बांधावर सारखं ऐकू येतं. उपग्रहाचा एल-१ सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो. ढग त्याला अडवत नाहीत. आंब्याखाली किंवा पत्र्याच्या शेडला खेटून उभं राहिलात तर अचूकता ढासळते हे खरं, पण तेव्हाही रिसीव्हर पाठवतो त्या स्थानाच्या ओळी पूर्णच येतात. अर्धवट ओळ, चुकलेला चेकसम (ओळीच्या शेवटचा पडताळणीचा आकडा) हा दोष रिसीव्हर आणि लॅपटॉपच्या मधला. ढगांना यातून सोडा. मराठवाड्यात ते आधीच कमी येतात.

आता फ्लो कंट्रोल. तो पाठवणाऱ्याला फक्त ‘थांब’ आणि ‘चालू दे’ एवढंच सांगतो. थांबलेला डेटा रिसीव्हरच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, साठतो. पण पुढच्या सेकंदाचं नवं स्थान तयार होतच राहतं, आणि बफर भरला की रिसीव्हर स्वतःच ओळी टाकून देतो. म्हणजे गळती बंद झालीच नाही, फक्त लॅपटॉपकडून रिसीव्हरकडे सरकली. त्याहून वाईट म्हणजे बफरमधली शिळी ओळ उशिरा पोचते: रोव्हरचा पोल (काठी) पुढच्या खुणेवर गेलेला असतो आणि स्क्रीनवर मागची खूण दिसत असते. बांधाच्या वादात मला तुटलेली ओळ परवडेल, शिळी नाही.

खरं दुखणं बहुतेक वेळा साध्या गुणाकारात सापडतं. सिरीयल लाइनवर एका बाइटला १० बिट लागतात, म्हणून ९६०० बॉडवर (बॉड म्हणजे इथे सेकंदाला जाणारे बिट) सेकंदाला ९६० बाइट जातात. रिसीव्हर ज्या मजकुरी फॉरमॅटमध्ये ओळी पाठवतो त्या एनएमईएच्या जीएसव्ही (दिसणाऱ्या उपग्रहांची यादी) ओळीत चारच उपग्रह मावतात. चाळीस उपग्रह दिसत असतील तर दहा ओळी, साधारण साडेसहाशे बाइट. त्यात जीजीए, आरएमसी आणि जीएसए या स्थान, वेळ, वापरलेले उपग्रह सांगणाऱ्या ओळी धरा, की सेकंदाला एकदाच पाठवूनही हजार ओलांडतात. इथे कुठलाही फ्लो कंट्रोल काय करणार? बॉड ११५२०० करा, नाहीतर जीएसव्ही बंद करा. मोजणीच्या कामाला ती सेकंदासेकंदाला कशाला हवी, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

‘कोणताही चालेल’ हे तर मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. आरटीएस-सीटीएस या तारांवरून चालणाऱ्या फ्लो कंट्रोलला स्वतःच्या तारा लागतात, नऊ पिनांच्या कनेक्टरवर ७ आणि ८. बाजारातल्या तीन तारांच्या केबलमध्ये त्या नसतातच. मग पाठवणारा परवानगीची वाट बघत बसतो आणि स्क्रीन कोरी. एक्सऑन-एक्सऑफ या दुसऱ्या प्रकाराला वेगळी तार लागत नाही, कारण तो डेटाच्याच वाटेने १७ आणि १९ या किमतींचे बाइट पाठवतो. एनएमईएच्या मजकुरात ते येत नाहीत, म्हणून तिथे खपून जातं. रॉ डेटा (उपग्रहांची कच्ची मोजमापं) मात्र बायनरी असतो, म्हणजे त्यात कोणत्याही किमतीचा बाइट येऊ शकतो. त्यात यांपैकी एखादा बाइट सरासरी दर १२८ बाइटांमागे येतोच. लॅपटॉपचा ड्रायव्हर तो गिळतो आणि तेवढ्याने अख्खा मेसेज सीआरसी या पडताळणीत नापास होतो. शिवाय १९ दिसला की लॅपटॉप रिसीव्हरकडे काही पाठवणंच थांबवतो. इंटरनेटवरून येणारं करेक्शन (स्थान अचूक करणारी दुरुस्ती) त्याच पोर्टने रोव्हरला जात असेल तर तेही अडकतं. मग जीजीएमध्ये करेक्शनचं वय वाढत जातं, दर्जाचा आकडा ४ (फिक्स) वरून ५ (कमी अचूक फ्लोट) वर येतो, आणि माणूस पुन्हा आभाळाकडे बघायला लागतो.

यूएसबीचं अर्धं खरं आहे. पोर्ट रिसीव्हरचाच असेल तर बहुधा बॉडच्या आकड्याला अर्थ नसतो. पण मध्ये यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर असेल तर पलीकडे सिरीयलच आहे, वरचा सगळा हिशेब तिथे लागू. लॅपटॉपची वीजबचत पोर्ट झोपवते ती वेगळीच. पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन पोर्ट बंद करायची परवानगी देणारी खूण काढा.

मेसेजचा उपाय एका कामात मात्र चोख बसतो: रिसीव्हरमध्ये साठवलेली फाइल सिरीयल केबलने उतरवताना. फाइल थांबू शकते, शिळी होत नाही. तिथे पूर्ण तारांची केबल लावून, दोन्ही बाजूंना आरटीएस-सीटीएस जरूर ऑन करा.