‘आय-थ्री काढा, आय-सेव्हन घाला’ : त्या मेसेजचा समाचार

‘जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका!’ अशी सुरुवात असलेला मेसेज तुमच्याही कुठल्या तरी ग्रुपवर येऊन गेला असेल. त्यात म्हटलंय की लॅपटॉपचा प्रोसेसर मोबाइलच्या सिमसारखा काढता-घालता येतो. इंटेल कंपनीच्या साध्या आय-थ्रीच्या जागी वरच्या दर्जाचा आय-सेव्हन घातला की वेग तिप्पट. डेस्कटॉपचा प्रोसेसरही चालतो. त्यानंतर विंडोज 11 आपोआप घेतं. आणि नेहमीचं तुणतुणं, कंपन्या हे तुमच्यापासून लपवतात. तळाला एक ‘बोनस टिप’ आहे. ती वेगळीच थोर आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

एरवी असले मेसेज मी न वाचता उडवतो. पण परवा मिरजेहून काकांचा फोन. ‘अरे, इथला दुकानदार पंचेचाळीसशेत आय-सेव्हन टाकून देतो म्हणतोय. देऊन टाकू का?’ काका निवृत्त मास्तर, पेन्शनचा हिशेब वहीत मांडणारे. लॅपटॉप 2015 चा, आत आय-थ्री 5005यू. म्हटलं, काका, आधी लॅपटॉप दुकानातून घरी आणा, मग बोलू.

आता ते सिम. इंटेलची स्वतःची प्रोसेसरची यादी ‘आर्क’ नावाने इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडी आहे. त्यात आपल्या प्रोसेसरचा नंबर टाकायचा आणि सॉकेटचा, म्हणजे चिप मदरबोर्डावर कशी बसते त्याचा, रकाना बघायचा. 5005यू समोर लिहिलंय एफसीबीजीए1168. यातलं ‘बीजीए’ दिसलं की विषय संपला. चिप बोर्डावर सोल्डर केलेली आहे. तिच्या पोटाखाली 1168 बारीक सोल्डरचे मणी आहेत आणि तेच तिला बोर्डाशी जोडतात. सॉकेट नाही, खाच नाही, खटका नाही. शिवाय या जातीच्या चिपमध्ये चिपसेटही त्याच पट्टीवर बसवलेला असतो, म्हणजे निघाला तर नुसता प्रोसेसर निघत नाही.

‘पण रीबॉलिंग करतात की!’ हो, करतात. पूर्ण बोर्ड बाहेर काढून खालून तापवायचा, वरून इन्फ्रारेडने चिपवर उष्णता द्यायची. शिशाविरहित सोल्डर 217 अंशांच्या आसपास वितळतं, त्याच्या वर नेऊन चिप उचलायची, खालचे पॅड साफ करायचे, दुसऱ्या चिपला नवे मणी लावायचे आणि ती केसभरही न हलवता बसवायची. मेलेला बोर्ड जगवण्यासाठी हे करणारे कसबी लोक आहेत, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण धडधाकट चालणारा बोर्ड या भट्टीत कशासाठी घालायचा? बोर्ड जरा वाकला किंवा एखादा पॅड उखडला तर काकांचा लॅपटॉप कायमचा गेला, वर ‘गॅरंटी नव्हती हो’ हे ऐकून घ्या. एवढं करून बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये, नव्या चिपला लागणारा मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचना) नसेल तर पडदा काळाच.

आणि हे सगळं मिळवायचं कशासाठी? त्याच म्हणजे पाचव्या पिढीचा, त्याच मापाचा आय-सेव्हन म्हणजे 5500यू. त्यात कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे मेंदू, किती? दोन. 5005यूमध्ये किती? दोनच. थ्रेड (एका वेळी हाताळायच्या कामांच्या रांगा) दोन्हीकडे चार, वीज दोन्हीकडे 15 वॅट. फरक असा की आय-थ्री 2.0 गिगाहर्ट्झवर चालतो, आय-सेव्हन 2.4 वर, आणि जोर लावला तर 3.0 पर्यंत जातो. कॅशे, म्हणजे चिपमधली झटपट स्मृती, तीनाची चार एमबी. हे तिप्पट? मास्तरांनाच त्रैराशिक मांडायला सांगितलं असतं! ‘यू’वाल्या, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या, चिपांमध्ये चार कोअर सर्रास दिसायला 2017 ची आठवी पिढी यावी लागली. तोवर ‘आय-सेव्हन’ हे पुष्कळदा स्टिकरचंच वजन होतं.

स्टिकरवरून आठवलं. पंचेचाळीसशेत आय-सेव्हन करून देणारा गडी नेमकं काय करणार होता, ते मला माहीत नाही, त्याच्यावर आळ घेत नाही. पण हे काम चिपला हात न लावता ‘करता’ येतं, हे लोकांना ठाऊक हवं. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या वहीत, प्रोसेसरच्या नावाची एक नोंद असते. ती बदलली की ‘सिस्टिम’च्या पानावर म्हणाल ते नाव दिसतं. लॅपटॉप चालू होताना ही नोंद दर वेळी नव्याने बनते, म्हणून सुरुवातीलाच चालणारी एक छोटी स्क्रिप्ट टाकून ठेवतात. वर पाम रेस्टवर, म्हणजे हात टेकायच्या जागेवर, आय-सेव्हनचं चकचकीत स्टिकर. गिऱ्हाईक खूश. दुकानातून बाहेर पडायच्या आधी सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा. ते नाव थेट चिपलाच विचारतं, आणि ‘पॅकेज’ या ओळीत चिप सोल्डरची की सॉकेटची तेही सांगतं.

आता खरं तेही सांगायला हवं, जिवावर आलं तरी. मेसेज ज्याने पहिल्यांदा लिहिला त्याने बहुधा 2011 ते 2014 च्या काळातला एखादा जाडजूड लॅपटॉप उघडलेला असणार. इंटेलच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पिढीत ‘एम’ किंवा ‘क्यूएम’, ‘एमक्यू’ अशी अक्षरं असलेले बरेच प्रोसेसर खरोखर सॉकेटात बसायचे. सॉकेटच्या कडेला एक चपटा स्क्रू असतो, तो अर्धा फेरा फिरवला की चिप सुटते. आय-फाइव्ह 4200एम निघतो, 4200यू निघत नाही. एका अक्षराचा खेळ आहे. आणि अक्षरावरही डोळे मिटून जाऊ नका. तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह 3210एम दोन्ही रूपांत आला. कुणाच्या लॅपटॉपमध्ये तो सॉकेटात आहे, पण 2012 च्या 13 इंची मॅकबुक प्रोमध्ये तोच सोल्डर केलेला. चौथ्या पिढीनंतर नेहमीच्या लॅपटॉपांतून सॉकेट गेलं ते गेलंच.

तुमचा लॅपटॉप त्या सॉकेटवाल्या काळातला असेल, जुना प्रोसेसर स्वस्तात मिळत असेल आणि हात शिवशिवत असतील तर जरूर करा. वॅट मात्र जुळवा. 35 वॅटच्या जागी 45 वॅटचा चार कोअरवाला कोंबला तर तोच बारका पंखा आणि तीच तांब्याची नळी त्याला पुरत नाही, मग तो तापून स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो. दुसरी पिढी आणि तिसरी पिढी यांचं सॉकेट एक आहे म्हणून अदलाबदल होईलच असंही नाही. बायोसने ओळखायला हवं.

डेस्कटॉपचा प्रोसेसर? नाही. त्या काळातल्या इंटेलच्या डेस्कटॉप चिपला पिना नसतात, त्या सॉकेटात असतात. लॅपटॉपच्या चिपला पिना असतात. घालणार कुठे? डेस्कटॉपची चिप मुद्दाम बसवलेले काही अवजड गेमिंग लॅपटॉप निघाले होते, पण काकांचा त्यातला नव्हे.

विंडोज 11 चा दावा तर स्वतःच्याच पायात पाय अडकून पडतो. इंटेलच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टची अट साधारण आठव्या पिढीपासून पुढे आहे, वर टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय. ज्यांचा प्रोसेसर बदलता येतो ते नेहमीचे लॅपटॉप चौथ्या पिढीपाशी थांबतात. म्हणजे बदलता येणारा कितीही भारी घाला, अटीत बसणार नाही. अट चुकवून विंडोज 11 चढवायच्या आडवाटा आहेत, पण त्यासाठी प्रोसेसर बदलायची गरजच नसते. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्याची धास्ती लोकांना आहे आणि मेसेज नेमका त्या धास्तीवर जगतोय.

काकांच्या लॅपटॉपचं दुखणं तर भलतंच होतं. फोनवरच टास्क मॅनेजर, म्हणजे आत कोण किती राबतंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडायला लावला. सीपीयू 11-12 टक्के, डिस्क 100 टक्के, मिनिटामागून मिनिटं. आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क आणि चार जीबी रॅम. प्रोसेसर बिचारा रिकामा बसून वाट बघतोय. अशा लॅपटॉपला हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घाला आणि जागा असेल तर रॅमची एक पट्टी. पाचव्या पिढीच्या ‘यू’ला डीडीआर-थ्रीएल, 1.35 व्होल्टचीच लागते, साधी डीडीआर-थ्री घेऊन येऊ नका.

कंपन्या लपवतात म्हणे. कंपन्यांनी सोल्डर केलं, त्याने लॅपटॉप पातळ झाले आणि दुरुस्ती अवघड झाली, याचा राग मलाही आहे. पण लपवलं कुठे? त्यांच्याच यादीत रकाना करून छापलंय.

राहिली बोनस टिप : ‘एमएसकॉन्फिगमध्ये बूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे नंबर ऑफ प्रोसेसर्स वाढवा, लॅपटॉप रॉकेट होईल.’ एमएसकॉन्फिग म्हणजे विंडोज सुरू कसं व्हावं ते ठरवायची खिडकी. अहो, विंडोज मुळातच सगळे कोअर वापरतं. ती चौकट चाचणीसाठी कोअर कमी करायला ठेवलीय, तिथे दिसणाऱ्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वर काही मिळत नाही. टिप वाचून कुणी घाईत तिथे 1 निवडून बसलं असेल तर त्याने आत्ता आत जाऊन खूण काढावी आणि लॅपटॉप रीस्टार्ट करावा.