फुकट सोलरचा मेसेज आणि मुंबईतली गच्ची

सोसायट्यांच्या, मंडळांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर सरकार घरावर सोलर फुकट बसवून देणार! दरमहा 300 युनिट मोफत, लाइटबिल कायमचं शून्य. लिंकवर नाव नोंदवा, नोंदणी फी 500 रुपये.' यातली योजना खरी आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेली 'पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली योजना'. बाकीचा मसाला फॉरवर्ड करणाऱ्यांचा.

'फुकट' हा पहिला दावा. सरकार अनुदान देतं: पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000. हे आकडे ठरवताना सरकारनेच तीन किलोवॅटचा खर्च 1,45,000 धरलाय. म्हणजे सरकारी हिशेबानेही 67,000 आपले. शिवाय अनुदान खात्यात येतं ते पॅनेल बसून, तपासणी होऊन, मीटर लागल्यावर. आधी ठेकेदाराला पैसे मोजायचे. त्यासाठी विनातारण कर्जाची सोय आहे, पण कर्ज म्हणजे हप्ता आलाच.

रेशनकार्डाचं म्हणाल तर केंद्राच्या योजनेत उत्पन्नाची अटच नाही. मलबार हिलच्या बंगलेवाल्यालाही तोच दर. हा घोळ बहुधा राज्याच्या 'स्मार्ट' योजनेमुळे झालाय. त्यात दारिद्र्यरेषेखालच्या घराला एक किलोवॅटसाठी केंद्राचे 30,000 आणि राज्याचे 17,500 मिळतात. खर्च 50,000 धरला तर घरच्यांनी भरायचे फक्त 2,500. जवळजवळ फुकटच! पण ती योजना महावितरणच्या ग्राहकांसाठी आहे, आणि मुंबईत महावितरण म्हणजे भांडुप-मुलुंडचा पट्टा. शहरात बेस्ट, उपनगरात अदानी नाहीतर टाटा. धारावीतल्या मावशींनी पिवळं कार्ड कितीही नाचवलं तरी उपयोग नाही.

'लाइटबिल शून्य' यावर फार शाई नको. स्थिर आकार, म्हणजे युनिट कितीही असोत, बिलात दरमहा लागणारी रक्कम, सुटत नाही. आणि '300 युनिट' म्हणजे तीन किलोवॅटचं पॅनेल साधारण महिन्याला बनवेल तेवढी वीज. छप्पर एक किलोवॅटचं असेल तर शंभर-सव्वाशे युनिट, पावसाळ्यात त्याहून कमी.

आता छपराचं बघू. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट उघडी, सावली नसलेली जागा लागते आणि त्या छपरावर तुमचा हक्क लागतो. चाळीतल्या भाडेकरूकडे तो नसतो. झोपडपट्टीत खाली एक कुटुंब, वर दुसरं, त्यावर पत्रा आणि पत्र्यावर निळी ताडपत्री. तिथे पॅनेल बसवायचं कशावर? शिवाय ज्यांचा वापर शंभर युनिटच्या आत आहे, त्यांना वीज सगळ्यात स्वस्त टप्प्यातली मिळते. म्हणून वाचलेल्या प्रत्येक युनिटमागे त्यांची बचतही सगळ्यात कमी.

म्हणूनच काहीजण उलट टोकाला जातात: 'ही योजना बंगलेवाल्यांची, आपल्याला काही नाही.' हेही चूक. योजनेतलं एक कलम मुंबईसाठीच लिहिल्यासारखं आहे, आणि त्याबद्दल कोणी फॉरवर्ड पाठवत नाही. गृहनिर्माण सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांसाठी, किलोवॅटमागे 18,000 रुपये मिळतात. एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनातली, सात मजली इमारत घ्या. पहाटे महापालिकेचं पाणी आलं की पंप सुरू, लिफ्ट दिवसभर वरखाली, जिन्यातला बल्ब तर कोणी बंदच करत नाही. हे सगळं एकाच मीटरवर चढतं. दर घरगुतीच, पण युनिट भरपूर, त्यामुळे बिल सगळ्यात महाग टप्प्यात जातं. घरातलं पॅनेल स्वस्त युनिट वाचवतं, हे पॅनेल महागडं युनिट वाचवतं. फरक थेट मेंटेनन्समध्ये दिसतो, आणि एसआरएत गेलेल्या कुटुंबाला छळतो तो मेंटेनन्सच. दहा किलोवॅटला 1,80,000 अनुदान, जागा हजारेक चौरस फूट. टाक्या आणि कोणीतरी परस्पर ठोकलेली शेड सोडून एवढी गच्ची उरते का, हे आधी टेप घेऊन मोजा. उरत असेल तर सेक्रेटरींकडून सामायिक मीटरची वर्षभराची बिलं मागा आणि सर्वसाधारण सभेत ठराव मांडा. माझ्या मते मुंबईतल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी हाच खरा रस्ता आहे. भांडणं होतील, ती पार्किंगवरूनही होतातच.

राहिली ती 500 रुपयांची लिंक. योजनेच्या पोर्टलवर नोंदणीला पैसे पडत नाहीत, आणि त्याचा पत्ता 'डॉट गव्ह डॉट इन'नेच संपतो. ओटीपी मागणाऱ्याचा फोन ठेवून द्या. ठेकेदार त्याच पोर्टलवरच्या यादीतला घ्या. पॅनेल आणि आतले सेल दोन्ही भारतात बनलेले आहेत, हे कोटेशनवर लिहून घ्या. स्वस्त पडतंय म्हणून बाहेरचे सेल असलेलं पॅनेल बसवलंत तर अनुदान मिळत नाही.