बसलेला घसा आणि दोन आया

जानेवारी शाळेतल्या बाईंच्या घशाला मुळीच मानवत नाही. स्नेहसंमेलनाच्या तालमी, सराव परीक्षा, वर सकाळच्या शाळेची थंडी. आठवी ब च्या पोरांना कोळीनृत्यात डावं-उजवं कळावं म्हणून मी इतकी ओरडले, की शेवटी नृत्य बसलं आणि घसाही.

घसा बसला की दुखतो हे खरंच, पण खरी पंचाईत निराळी. 'नको' म्हणता येत नाही. ताप आलेला माणूस कण्हत का होईना, नकार देतो. माझ्या तोंडून नुसती हवा येत होती, आणि आमच्या घरात हवेला होकार समजतात.

गुळण्यांचा ताबा सासूबाईंनी घेतला. डॉक्टर सांगतात, पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. सासूबाईंचा हात लोणच्याचा. खारट पाणी सुजलेल्या घशातलं पाणी ओढून घेतं, हे परासरण मी वर्गात मनुके भिजवून शिकवते. त्या पेल्यापुढे मनुक्यांचे हाल मला प्रथमच कळले. बेसिनपाशी मान मागे टाकायची, डोळे छताला. तिथे ट्यूबलाइटच्या मागे कोळ्याने थाटलेला संसार एरवी कुणाला दिसत नाही. माझी आणि त्याची चांगली ओळख झाली. स्वयंपाकघरातून कान देऊन सासूबाई सूचना करायच्या, "वरवरची होतेय गं. आतून येऊ दे आवाज." आतून आवाज आला असता तर मी बेसिनपाशी कशाला उभी राहिले असते?

रात्री साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल. हळदीचं दूध तिच्या डोळ्यांदेखत प्यायचं, असा दंडक. "कप वाकडा कर. बघ, तळाशी हळद राहिलीय. बोटाने पुसून घे." नवऱ्याला अशा वेळी हटकून ज्ञान होतं. तो मध्येच डोकावून म्हणाला, "हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. आणि मिऱ्यातलं पायपरीन असलं की ते अंगी जास्त लागतं." आई शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे तूप आणि मिरपूड पहिल्यापासून घालतात. तुमच्याकडे घालत नाहीत का?"

सासूबाई नेमक्या मागून चालल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी काढा आला. आलं, तुळस, गवती चहा, लवंग, दालचिनी. चार वाट्या पाण्याची एक वाटी होईपर्यंत आटवलेला. आणि मिरी! मिरी किती घातली होती ते मला विचारू नका, सासूबाईंनीही मोजली नसावी. पहिल्या घोटाला घसा दुखायचा थांबला, कारण कान दुखायला लागले. "कसा वाटतोय?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं. हवा आली. "आवडला," त्या म्हणाल्या आणि पातेल्यातला उरलेला माझ्या वाटीत ओतला.

घरात दयाळू एकटे सासरे. त्यांनी खणातून ज्येष्ठमधाची कांडी काढून गुपचूप माझ्या हातात दिली. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन साखरेच्या तीस ते पन्नासपट गोड असतं, त्यामुळे मिऱ्यावर उतारा म्हणून उत्तमच. पण ते रोज चघळलं तर रक्तदाब वाढतो. मामंजींना गोळ्या चालू आहेत आणि सासूबाईंनी कांड्यांवर बंदी घातली आहे. दिलेल्या कांडीचं एक टोक मात्र आधीच चघळलेलं होतं.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी टॉर्च मारून आत पाहिलं. "व्हायरल आहे. आठवडाभरात आपोआप जाईल. अँटिबायोटिकची गरज नाही. बोलू नका, कुजबुजूही नका." गुळण्या, मध, गरम पेय, काय बरं वाटेल ते घ्या म्हणाले. घरी या निदानाचा फार अपमान वाटला. आपोआप म्हणजे काय? मग आम्ही इथे पातेली काय उगाच घासतोय? "आणि एवढी फी घेऊन साधी गोळीही नाही?" सासूबाई म्हणाल्या.

तर तो आपोआपच गेला. आधी घोगरा, मग फाटका, मग हजेरी घेण्यापुरता आवाज आला. आता श्रेयाचं वाटप आलं. आईला मी फोनवर सांगितलं, तुझ्या हळदीच्या दुधानेच उतार पडला. सासूबाईंना ओट्यापाशी सांगितलं, काढा नसता तर काही खरं नव्हतं. मामंजींना नुसती मान डोलावली, ते तेवढ्यावर खूश. सगळं सुरळीत चाललं होतं.

पण रथसप्तमीच्या आत हळदीकुंकू उरकायचं होतं, आणि त्यासाठी आई साताऱ्याहून आली. बायका जमल्या, वाणं लुटून झाली, गप्पा घशावर आल्या. शेजारच्या काकूंनी सहज विचारलं, "मग नक्की कशाने बरं वाटलं गं?" आई माझ्याकडे बघू लागली. सासूबाईही तिळगुळाचा डबा हातात धरून थांबल्या.

मी गळ्यावर हात ठेवला आणि खोकले.

"अजून पुरता गेला नाहीये," दोघी एका सुरात म्हणाल्या, आणि मिठाची बरणी काढायला सोबतच स्वयंपाकघरात गेल्या.