चावी लावू नगासा

आज सकाळी सव्वासहाला मोबाईल वाजला. एवढ्या पहाटे फोन वाजला की आमच्या कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या माणसाच्या मनात दोनच गोष्टी येतात. कुणीतरी गेलं, नाहीतर नदीला पाणी आलं. नोव्हेंबर आहे म्हणजे पाणी नसणार. धडपडत चष्मा शोधला. तर मेसेज! "प्रिय ग्राहक, तुमच्या कारची पॉलिसी संपत आली आहे. फक्त ९,७१८ रुपयांत नूतनीकरण करा आणि निश्चिंत राहा."

फक्त!

गेल्या वर्षी ७,९६४ भरले होते. म्हणजे १,७५४ रुपये वाढले. का वाढले? २०१९ च्या महापुरानंतर एक रुपयाचा क्लेम नाही. गाडी वर्षाला चार हजार किलोमीटरसुद्धा पळत नाही. जोतिबा, आदमापूर, लग्नसराईत गावोगावी पत्रिकांचे गठ्ठे पोचवणं आणि दिवाळीला पुणे, संपली गाडी. वर ती आणखी एक वर्षानं म्हातारी झाली, म्हणजे तिची किंमत कंपनीच्याच कागदावर कमी झाली. जिची किंमत उतरते तिचा विमा चढतो, हे गणित मला कुणीतरी शाळेतल्यासारखं फळ्यावर मांडून दाखवा.

चहा गार झाला तरी मी त्या मेसेजकडे बघत बसलो होतो. हिनं विचारलं, कोण गेलं? म्हटलं, दोन हजार गेले.

मी प्रेसवाला माणूस. तीस वर्षं लग्नपत्रिकांची प्रुफं वाचतोय, त्यामुळे ओळ आणि ओळ वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. बिल उघडलं. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं होणाऱ्या दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, ३,४१६. यावर बोलायला जागा नाही. तो दर सरकार ठरवतं, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला जून २०२२ पासून हाच आकडा माझ्या बिलात आहे. कुठल्याही कंपनीत जा, पैशाचा फरक नाही. आणि तो हवाच, हे मलाही कळतं. उद्या माझ्या हातून कुणाला धक्का लागून त्याचं घर उघड्यावर आलं तर माझा प्रेस विकूनही भागणार नाही. मान्य. पुढे चला.

पुढे खरी मजा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, तो कंपनी आपल्या मर्जीनं ठरवते. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, पन्नास टक्के कापूनसुद्धा २,६४०. त्याखाली 'तुमच्यासाठी खास' म्हणून शेपटं. चावी हरवली तर ३८०. टायरचं ४८०. गाडीतल्या सामानाचं ३००. ऑईल, ग्रीस, नटबोल्टचं ३४०. रस्त्यात बंद पडली तर ३५०. माझ्या स्वतःच्या अपघाताचे ३३०. आणि या सगळ्याच्या बोकांडी अठरा टक्के जीएसटी, १,४८२ रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याचा जीएसटी शून्य झाला, छोट्या गाड्यांचा अठ्ठावीसवरून अठरावर आला, पेपरात पानभर जाहिराती आल्या. गाडीच्या विम्यावर मात्र अठरा होता तो अठराच. म्हणजे गाडी घेताना पेढा, नंतर दरवर्षी चिमटा.

तर मी चिडलो होतो. पण आता तुम्हाला दुसरी गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय माझं चिडणं खोटं ठरेल.

ऑगस्ट २०१९. तुम्हा सगळ्यांना ते दिवस आठवतायत, वर्णन करत नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या वेळी पाणी ५५ च्याही वर गेलं होतं. आम्ही वरच्या मजल्यावर. खाली गल्लीत माझी दोन वर्षांची गाडी स्टेअरिंगपर्यंत पाण्यात. रोज सकाळी गॅलरीतून तिचं टप बघायचं आणि आत यायचं. शिरोलीला हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही.

पाणी उतरलं त्या सकाळी मी चिखलातून गाडीपाशी गेलो. दार उघडलं तसं आतून भसाभस पाणी आलं. सीटवर एक मेलेला मासा होता. खिशातून चावी काढली आणि तेवढ्यात फोन वाजला. आमचे विम्याचे तात्या.

"गाडीपाशी हाईसा? चावी लावू नगासा."

म्हटलं, तात्या, नुसतं बघतो चालू होतीय का.

"आवो बघू नगासा! हात जोडतो. बॅटरीची तार सोडा, फोटो काढा, क्रेन लावून उद्यमनगरात न्या. चावी खिशात घाला आणि वर जावा."

मी वर गेलो. त्याच सकाळी, चार घरं सोडून, शेजाऱ्यांनी आपल्या गाडीला चावी लावली. आवाज वरपर्यंत आला. खर्र झालं, मग टक्. बास.

नंतर उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं समजावलं. इंजिनात हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी हलायला तयार नसतं, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन म्हणतो, हे नुकसान पुरानं झालं नाही, तुम्ही चावी लावल्यामुळे झालं. शेजाऱ्यांना सीटा, वायरिंग, कार्पेटचे पैसे मिळाले. इंजिनाचे नाहीत, कारण इंजिनाचं वेगळं संरक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. माझंही नव्हतं! त्या सकाळी फोन आला नसता तर त्यांच्या शेजारी मीही डोक्याला हात लावून बसलो असतो. माझा क्लेम मंजूर झाला. रबर-प्लास्टिकचे निम्मे पैसे कापले, तो नियमच आहे, पण गाडी आजतागायत चालतीय.

पुढच्याच वर्षी तात्यांनी मला इंजिनाचं संरक्षण घ्यायला लावलं. मी कुरकुरलो तर म्हणाले, "नदी तुमच्या दारात, आणि पैसे वाचवता कुठं?" क्लेम घेतला म्हणून नो क्लेम बोनस शून्यावर आला होता. तिथून वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस करत पन्नासवर यायला पाच वर्षं लागतात. तेही त्यांनीच सांभाळलं. मध्ये एकदा महाद्वार रोडला एका बुलेटवाल्यानं मागचा बंपर खरवडला. मी तावातावानं क्लेम करायला निघालो. तात्या म्हणाले, खर्च किती? म्हटलं, अठराशे. म्हणाले, त्यातले पहिले हजार तसेही तुमच्याच खिशातून जाणार, आठशे रुपयांसाठी बोनस घालवता का? गपचिप रंग मारून घेतला.

आणि मग २०२३ च्या दिवाळीत मी काय केलं असेल?

पोरगं पुण्याहून आलं होतं. सोफ्यावर पडल्या पडल्या मोबाईलवर दोन मिनिटांत पॉलिसी काढली. "बाबा, एजंटचं कमिशन कशाला? तेराशे रुपये वाचले." पोरगं हुशार आहे, त्याचं चुकलं असंही नाही. तेराशे रुपये खरंच वाचले. अॅपवर पाच कंपन्यांचे दर शेजारी शेजारी दिसतात, तात्यांच्या डायरीत ते दिसत नाहीत, हेही कबूल. मी तात्यांना सांगितलंसुद्धा नाही. नुसतं फोन उचलायचं बंद केलं.

आता जे लिहितोय ते लिहायला जड जातंय.

जुलै २०२४. पंचगंगा पात्राबाहेर. व्हॉट्सअॅपवर बंधाऱ्याचे आकडे तासातासाला. संध्याकाळी तात्यांचा फोन. मला वाटलं, पॉलिसीचं विचारणार. कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट. मग त्यांचा मेसेज आला. "४३ च्या वर गेलंय. रात्री वाढंल. गाडी राजारामपुरीला नेऊन लावा." एवढाच. पॉलिसीचं अक्षर नाही. मी गाडी नेऊन लावली आणि उत्तर म्हणून अंगठा पाठवला. अंगठा! ज्या माणसानं माझं इंजिन वाचवलं त्याला मी अंगठा दाखवला.

आज सकाळी ९,७१८ चा आकडा बघितल्यावर मला तात्या आठवले, आणि तेही फायद्यासाठी आठवले, हे काय लपवायचं. सातला गंगावेशच्या दूध कट्ट्यावर ते असतातच. होते. कानाला मफलर, हातात पेला. मला बघून म्हणाले, "या पाव्हणं. प्रेस कसा चाललाय?" दोन वर्षांचा विषयच नाही. मी मोबाईल पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बिल डोळ्यांजवळ धरून वाचायला लागले.

"ह्ये काय? चावी हरवली तर पैसे? तीनशे ऐंशी? तुमी कवा चावी हरवलीसा?"

कधीच नाही.

"अपघाताचं ह्ये पंधरा लाखाचं स्कूटरच्या पॉलिसीत हाय न्हवं? मालकाला एकच पुरतंय. दोनदा कशाला भरता?" खरंच होतं. दोन वर्षं दोनदा भरत होतो.

मग ते खाली गेले, वर आले, परत खाली गेले. मफलर सोडला. "इंजिनाचं कुठाय?"

मी म्हटलं, असेल की.

"न्हाई."

गेल्या वर्षीची पॉलिसी उघडली. त्यातही नाही. आदल्या वर्षीचीही बघितली, नाही. म्हणजे पोरानं वाचवलेले तेराशे रुपये कुठून आले होते ते कळलं. शुक्रवार पेठेत राहतो मी, आणि दोन पावसाळे माझ्या गाडीला टायरचं, सामानाचं, चावीचं सगळं संरक्षण होतं, फक्त पाण्यापासून इंजिनाचं नव्हतं. अॅपला काय माहीत माझ्या दारापासून पंचगंगा किती लांब आहे? त्यानं विचारलं नाही, मी वाचलं नाही. प्रुफं वाचणारा मी! लोकांच्या पत्रिकेतला ऱ्हस्व-दीर्घ पकडतो आणि स्वतःच्या पॉलिसीतली आख्खी ओळ गायब आहे ते दिसत नाही.

काही जण आता खाली लिहितील की एजंटसुद्धा फसवतात. फसवतात. मला भेटलेत तसे, नको ती पॉलिसी गळ्यात मारणारे. आणि काही जण सांगतील की गाडीची किंमत, ती आयडीव्ही, कमी टाकली की प्रीमियम उतरतो. उतरतो की! आमचा एक मित्र दरवर्षी तेच करतो आणि छाती फुगवून सांगतो. गाडी चोरीला गेली की त्या कमी किमतीचाच चेक घेऊन बसेल, तेव्हा त्याला विचारू. आणि जो म्हणेल की फुल इन्शुरन्स सोडा, नुसतं थर्ड पार्टी काढा, तो नक्की सम्राटनगरात उंचावर राहत असणार. राहा बाबा. आमची गोष्ट वेगळी आहे.

तात्यांनी तिथंच कट्ट्यावर दोन-तीन फोन लावले. आठ वर्षांच्या गाडीला इंजिनाचं संरक्षण सगळ्या कंपन्या देत नाहीत, त्यांनी देणारी शोधली. बोनस पन्नास टक्केच राहिला. तो माझ्या नावावर असतो, कंपनी बदलली तरी सोबत येतो. आधीची पॉलिसी संपायच्या आत काम करा, एक दिवस जरी उलटला तर गाडी तपासायला माणूस येतो आणि नव्वद दिवस गेले तर बोनस बुडाला, हे त्यांनी मला तीनदा बजावलं. ओन डॅमेज २,२९०, इंजिनाचे ७८०, रस्त्यावरच्या मदतीचे ३५०. जीएसटीसकट ८,०६६.

म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा तरी १०२ रुपये जास्तच. महागाई कमी झाली असं मी म्हणत नाहीच. अठरा टक्क्यांवरचा राग तसाच आहे, 'फक्त' या शब्दावरचा तर जास्तच आहे, आणि सकाळी सव्वासहाला प्रिय ग्राहक म्हणणाऱ्यानं पुन्हा मेसेज केला तर कोल्हापुरी भाषेत उत्तर देणार आहे.

पण तात्यांना जुलैचं काहीतरी बोलायला पाहिजे होतं. तोंडापर्यंत आलं होतं. म्हटलं, तात्या, त्या वेळी फोन... ते म्हणाले, "पाण्याच्या टायमाला रेंज नसती." आणि माझ्यासाठी पेला मागवला. डायरी काढून माझं नाव शोधलं. खोडलेलं नव्हतं. नावापुढे बारीक अक्षरात 'नदीकडं' लिहिलेलं, आणि त्या पानावर तसली दहा-बारा नावं होती. त्यातली निम्मी माझ्यासारखीच अॅपवर गेलेली, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पैसे भरले, पॉलिसी दुपारी व्हॉट्सअॅपवर आली. या वेळी ओळ आणि ओळ वाचली. पोराला पण पाठवली. त्यानं अंगठा पाठवलाय.

दुधाचे पैसे तात्यांनी मला देऊ दिले नाहीत. कुणाला त्यांचा नंबर हवा असेल तर इनबॉक्समध्ये मागा, इथं टाकणार नाही. आणि शुक्रवार पेठ, दुधाळी, कुंभार गल्लीवाल्यांनो, आज रात्री जेवायच्या आधी आपापली पॉलिसी उघडून इंजिनाची ओळ आहे का तेवढं बघा.