पऱ्हाटीत बकऱ्या सोडल्यानं वावर बिघडत नाही

गेल्या पंधरवड्यापासून नागपूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "कापूस निघाल्यावर वावरात ढोरं-बकऱ्या सोडू नका. बोंडअळी गावभर पसरते, बीटीचा पाला खाऊन जनावर मरतं, खुरांनी जमीन दगड होते आणि आपलं खत दुसऱ्याच्या गोठ्यात जातं." आमच्या कळमेश्वरकडच्या काही जणांनी तो वाचून धनगरांना धुऱ्यावरूनच परत पाठवलं. म्हणून हे लिहितोय.

आधी बोंडअळीचं, कारण इथं मेसेज नुसता चुकलेला नाही, पार उलटा आहे. गुलाबी बोंडअळी ढोराच्या अंगाला चिकटून गावभर फिरत नाही. तिचा पतंग रात्री उडतो, आणि किडका कापूस गाडीत भरला की अळी त्याच्यासोबत जिनिंगपर्यंत जाते. हंगाम सरताना झाडावर राहिलेल्या, न उमललेल्या बोंडांत ती दडून बसते. मागच्या फेब्रुवारीत आमच्याच पऱ्हाटीतलं, म्हणजे कापसाच्या उभ्या झाडांतलं, एक वाळकं बोंड मी नखानं फोडलं. आत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या. वेगळ्या केल्या तर मधल्या पोकळीत गुलाबी अळी, अंग मुडपून निजलेली. अशीच ती उन्हाळा काढते आणि पुढच्या पिकावर पतंग होऊन येते. शेजारच्याच तासात एक बकरी मागच्या पायांवर उभी राहून तसलंच बोंड ओरबाडत होती. दाढेखाली चिरडलेल्या अळीचा पतंग होत नाही. शेवटच्या वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्या, गुरं वावरात चारा, हा सल्ला आपल्या नागपूरच्याच केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा आहे, कृषी विभागाचाही आहे. २०१७च्या हंगामात या अळीनं विदर्भाला रडवलं, ते एवढ्या लवकर विसरायचं का?

एकट्या बकरीनं भागतं असं मात्र नाही. खाली गळून पडलेली बोंडं राहतातच, म्हणून चारून झालं की पऱ्हाटी उपटायलाच हवी. अळी सांभाळून ठेवतो तो चुलीसाठी धुऱ्यावर रचलेला पऱ्हाटीचा ढीग, आणि पाणी देऊन लांबवलेलं कापसाचं पीक, म्हणजे फरदड. त्यावर मेसेजमध्ये एक ओळ नाही.

बीटीच्या, म्हणजे अळी मारणारं प्रथिन झाडातच तयार करणाऱ्या कापसाच्या, पाल्याची भीती जुनी आहे. २००६ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या वारंगळ भागात बीटी कापसाच्या शेतात चरून मेंढ्या मेल्याच्या बातम्या आल्या होत्या. पण बीटीचं प्रथिन अळीच्या आतड्यात ज्या ठरावीक जागी चिकटून काम करतं, त्या जागा गाई-बकरीच्या आतड्यात नसतातच. आणि आपण रोज गाई-म्हशींपुढे सरकीची ढेप ठेवतो, ती कुठल्या कापसाची? आज विदर्भात जवळपास सगळा कापूस बीटीच आहे. खरा धोका फवाऱ्याचा. नुकतंच कीटकनाशक मारलेल्या वावरात जनावर घालूच नये, आणि धुऱ्यावर फेकलेले रिकामे डबे आधी उचलावेत. ज्वारीच्या कापलेल्या धांड्यांना फुटलेले कोवळे फुटवेही तसेच. ते खाल्ले तर किराळ लागून, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष चढून, जनावर तासाभरात आडवं होतं. सावध करायचंच होतं तर याबद्दल करायला हवं होतं.

जमीन दगड होते, हे ओल्या रानाबद्दल खरं आहे. अवकाळी पाऊस पडून काळी माती चिकट झाली असेल, तर वाफसा येईपर्यंत कळप बाहेरच ठेवावा. कोरड्या जमिनीत खुरांचा दाब वरच्या थोड्याच थरापुरता असतो. शिवाय आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि मध्ये आपली वखरणी आहेच.

खत जातं म्हणणाऱ्यांनी रात्री मेंढ्या बसवून पाहाव्यात. खाल्लेल्या नत्रातला बहुतेक भाग लेंड्या आणि मुतातून परत पडतो, आणि कळप रात्री आपल्याच वावरात बसला तर तो आपल्याच मातीत पडतो. मेंढ्या बसवण्यासाठी शेतकरी धनगराला पैसे नाहीतर धान्य देत आलाय, ते उगाच नाही. दिवसा चारून कळप रात्री दुसरीकडे नेला तर खत तिकडे जाईल, एवढी गोष्ट मान्य. म्हणून मुक्कामाचं आधीच बोलून घ्यावं. बाजूला कोणाचा हरभरा उभा असेल तर त्या धुऱ्यावर राखणीला आपला माणूस ठेवावा. आमच्याकडे दर वर्षी भांडणं होतात ती यावरूनच.

ज्यांनी धनगरांना परत पाठवलं, त्यांची पऱ्हाटी अजून उभी आहे आणि कळपही तालुक्यातच आहेत. या आठवड्यात निरोप धाडला तर येतील.