‘नागपुरात बसून’ या आक्षेपाला उत्तर

महोदय,

आठ सिलिंडरच्या अमेरिकी पिकअपमधील, इंधन वाचवण्यासाठी इंजिनावर भार नसताना निम्मे सिलिंडर बंद ठेवणारी व्यवस्था निष्क्रिय करून टाकावी, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे: त्यामुळे मायलेज घटते, वॉरंटी जाते, टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडण्यासाठी लागणारी उचल पुढे पोहोचवणारे भाग) वाचतात याला पुरावा नाही, आणि ‘नागपुरात बसून, ज्याने हे ट्रक पाहिलेही नाहीत त्याने कंपनीच्या इंजिनिअरांना शिकवू नये.’

मायलेजबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. २०२१ मध्ये चिपच्या तुटवड्यामुळे जनरल मोटर्सने ५.३ लिटर इंजिनाचे काही पिकअप या व्यवस्थेचे मॉड्यूल न बसवताच विकले, तेव्हा गॅलनमागे सुमारे एक मैल घट होईल असे कंपनीनेच सांगितले होते. भारतातल्या हिशेबाने ही घट लिटरमागे ०.४ किलोमीटरच्या आसपास येते. तेवढे मी मोकळेपणाने मान्य करतो.

परंतु ‘पाहिलेही नाहीत’ हे आपण कशावरून ठरवले? माझ्या वडिलांचे कामठी रस्त्यावर वर्कशॉप होते आणि टॅपेटचा आवाज ऐकून इंजिनाची तब्येत ओळखायला मी तेथेच शिकलो. पुढे आखातात एका बांधकाम कंपनीच्या गॅरेजमध्ये कितीतरी वर्षे काढली. तेथील ताफ्यात असलेच आठ सिलिंडरचे पिकअप होते. सकाळी इंजिन सुरू होताच टिकटिक ऐकू यायची, मग मिसिंग (एखादा सिलिंडर नीट न पेटणे) सुरू व्हायचे आणि अखेर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावे लागायचे, कारण या इंजिनांत हेड काढल्याशिवाय टॅपेट हाती लागत नाहीत. खाली बसलेला टॅपेट आणि त्याच्या रोलरने खरवडून टाकलेला कॅम (टॅपेटला उचल देणारा फिरता उंचवटा) मी स्वतःच्या हातात धरून पाहिला आहे. आपण कोठे बसून लिहिता हे मी विचारलेले नाही. मग माझा पत्ता हाच माझ्या लेखाचा दोष कसा ठरतो?

या टॅपेटची रचना मूळ लेखात दिली होती. आपण ती वाचली असावी असे प्रतिक्रियेवरून वाटत नाही, म्हणून पुन्हा लिहितो. अशा इंजिनात १, ४, ६ आणि ७ या सिलिंडरांचे टॅपेट इतरांपेक्षा वेगळे असतात. त्यांच्या आत स्प्रिंगच्या जोराने अडकून राहणाऱ्या पिना असतात. कॉम्प्युटरने सोलेनॉइड (विजेवर चालणारा ऑइलचा झडप) उघडला की ऑइलचा दाब त्या पिना आत ढकलतो, टॅपेटचा आतला भाग बाहेरच्या भागात सरकतो, कॅमची उचल टॅपेटच्या वरच्या दांड्यापर्यंत, म्हणजे पुशरॉडपर्यंत, पोहोचत नाही आणि व्हॉल्व्ह मिटलेलेच राहतात. गाडी सपाट रस्त्यावर संथ चालली की हे घडते, जरा चढ आला की पिना पुन्हा बाहेर येतात, आणि हा खेळ प्रवासभर चालू राहतो. सगळी मदार ऑइलच्या दाबावर आणि स्वच्छतेवर असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या शहरात ज्याने इंजिने हाताळली आहेत, त्याला तापून पातळ झालेले ऑइल म्हणजे काय हे अमेरिकेहून कोणी कळवण्याची गरज नसते.

राहिला ‘कंपनीच्या इंजिनिअरांना’ हा शब्दप्रयोग. १९८१ मध्ये कॅडिलॅकने आठाचे सहा आणि सहाचे चार सिलिंडर करणारे इंजिन बाजारात आणले, तेही इंजिनिअरांनीच. त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाला ते पेलले नाही, असंख्य मालकांनी ती व्यवस्था तोडून घेतली आणि कंपनीने बहुतेक मॉडेलांतून ते इंजिन लगेच काढून घेतले. त्या मालकांना कोणी ‘शिकवू नका’ असे सांगितले असते, तर ते रस्त्यातच अडकून पडले असते. पदवीचा मला आदर आहे, पण तिचा धाक दाखवून गप्प बसवण्याची पद्धत मला मान्य नाही, आणि ही भाषा आपल्यासारख्या सुशिक्षित वाचकाला शोभत नाही.

वॉरंटीचा मुद्दा मी सोडून देतो, कारण लेख जुन्या, वॉरंटी संपलेल्या गाड्यांविषयी होता. आपल्याकडच्या काही १.५ लिटर टर्बो पेट्रोल गाड्यांतही दोन सिलिंडर बंद होतात आणि तक्रार नाही, असे आपण जाता जाता लिहिले आहे. तेथे कॅमशाफ्टवरील स्लीव्ह सरकते, ऑइलच्या दाबावर हलणाऱ्या पिना नसतात, त्यामुळे ती तुलना येथे लागूच होत नाही.

पुराव्याबद्दल एवढेच सांगतो की जी पिन हलवलीच जात नाही, ती हलताना अडकणार नाही, आणि हे समजण्यासाठी मला प्रयोगशाळेची आवश्यकता वाटत नाही. डॅशबोर्डखालच्या डायग्नोस्टिक पोर्टमध्ये बसणारे छोटे उपकरण कॉम्प्युटरला आठही सिलिंडर चालू ठेवायला लावते. एकही नट खोलावा लागत नाही. ह्यूस्टनला असलेल्या माझ्या भाच्याला मी हेच सांगितले आहे आणि उद्या आपण विचारलेत तरी हेच सांगेन. यापुढे लिहायचे असेल तर टॅपेटविषयी लिहावे, त्याला मी अवश्य उत्तर देईन. माझ्या गावाविषयी लिहिलेत तर देणार नाही.