पाण्याला पाट आहे, निचऱ्याला वाट नाही

निफाड तालुक्यात, गोदावरी डाव्या कालव्यावरच्या एका चारीच्या (कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या पाटाच्या) अगदी शेवटी आमची पाच एकर जमीन आहे. तिच्या खालच्या दीड एकरात फेब्रुवारी लागला की बांधाच्या कडेने पांढरी पापडी दिसू लागते. सकाळच्या ओलीत ती कळत नाही, पण दहाच्या सुमारास ऊन तापले की पीठ सांडल्यासारखी वर येते. वडील याला 'मीठ फुटले' म्हणत. त्यांच्या काळी या तुकड्यात गहू चांगला यायचा. आता कांद्याची पात शेंड्याकडून वाळत येते. माती तपासून घेतली, तेव्हा अर्काची विद्युत वाहकता, म्हणजे क्षार किती आहेत याचे माप, मीटरला ४ डेसिसायमनच्या वर निघाली. कांद्याचे उत्पादन १.२ च्या पुढेच घटू लागते आणि द्राक्षाचे १.५ च्या पुढे, त्यामुळे त्या कागदात मला नवीन असे काही कळले नाही.

नाशिक शहरात राहणारे एक नातेवाईक मला म्हणाले, की जमीन तुमची, पीक तुमचे, मग चारीची दुरुस्ती आणि क्षारांचा बंदोबस्त करदात्यांच्या पैशातून का व्हावा? प्रश्न रास्त आहे, आणि 'शेतकरी अन्नदाता आहे' एवढे बोलून तो झटकणे मला पटत नाही.

माझ्या दीड एकरातले मीठ मी पेरलेले नाही. वरच्या अंगाला रात्रपाळीत पाणी मोकाट सुटते, मातीची चारी जागोजागी पाझरते, खालच्या काळ्या जमिनीत ते पाणी मुरून पातळी वर येते, आणि उन्हाळ्यात पाणी उडून जाऊन क्षार तेवढे वर उरतात. ज्याच्या शेतात नुकसान दिसते, त्याच्या हातात त्याचे कारण नसते. अर्थात सगळा दोष वरच्यांवर ढकलणेही खरे नव्हे. आम्ही विहिरीचे मचूळ पाणी ठिबकने वर्षानुवर्षे देतो. वाहकता १.५ असलेल्या पाण्याच्या एका लिटरात जवळपास एक ग्रॅम क्षार असतात. बागेला एकरी वर्षाला वीस लाख लिटर पाणी दिले, तर सुमारे दोन टन क्षार आपणच जमिनीत घालतो. डॉगरिजच्या खुंटावर कलम केले, की द्राक्षाची वेल तग धरते, पण क्षार जमिनीतच राहतात.

ते बाहेर काढायला निचरा लागतो. जिप्समनेही सोडियम फक्त सुटा होतो. तो वाहून जायला वाट नसेल, तर पोती फुकट गेली समजा. भूमिगत सच्छिद्र पाइप मी माझ्या खर्चाने टाकीन, पण त्यातले पाणी सोडायचे कुठे? आमच्या शिवारातला सामायिक चर बाभळी आणि पाणकणसांनी बुजला आहे, मध्ये दोघांनी तो बुजवून वहिवाट केली आहे, आणि पुढे नाल्याला मिळतो तिथे मोरीच उरलेली नाही. हे काम एकट्याने होण्यासारखे नाही, आणि सार्वजनिक पैशाची खरी जागा मला इथेच दिसते.

प्रत्यक्षात पैसा जातो तो पाणी आणण्याकडे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने लाभक्षेत्र (धरण-कालव्यांखाली भिजणारी जमीन) विकासाच्या आधुनिकीकरणासाठी प्रारंभी १,६०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. बंदिस्त दाबयुक्त नळीने एक हेक्टरपर्यंत पाणी पोहोचवणे, असा तिचा गाभा आहे. मी तिच्या बाजूने आहे, कारण गळती थांबली तर चिबड, म्हणजे जमिनीत पाणी साचून राहणे, हेही कमी होईल. पण आमच्याकडच्या कित्येक विहिरी याच गळतीवर गोड राहतात. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटले की आठवड्याभरात विहिरीच्या पाण्याची चव बदलते, हे इथे पोरांनाही ठाऊक आहे. गळती बंद केली आणि निचरा तसाच ठेवला, तर चिबड घटेल आणि विहिरी खारावतील. म्हणून नळीच्या अंदाजपत्रकातच चराचा खर्च आणि दरवर्षी विहिरींची वाहकता मोजण्याचा खर्च धरला पाहिजे.

हा पैसा ठेकेदारामार्फत एकदाच ओतण्यापेक्षा पाणीवापर संस्थांकडून, म्हणजे शेतकऱ्यांनीच चालवलेल्या संस्थांकडून, मोजून वापरला जावा. ओझरला बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात हे १९९० च्या दशकातच सुरू झाले होते, आणि संस्थांना कायद्याचा आधार २००५ मध्ये मिळाला. बागलाणच्या फडांत, म्हणजे गावाने मिळून सांभाळलेल्या जुन्या पाटपाण्याच्या पद्धतीत, तर हंगामापूर्वी पाट साफ करायला जो येत नसे, त्याला दंड होई. आमच्या चारीवर संस्था कागदावर आहे. सभेला कोरम भरत नाही, त्यात मीही दोनदा गैरहजर होतो.

यंदा कालव्याच्या पाण्याची मागणी करणारा सात नंबरचा अर्ज भरताना मी सोबत चर साफ करण्याचा अर्जही दिला. खिडकीवरच्या कारकुनाने तो उलटसुलट पाहिला आणि हा कोणत्या नमुन्यात घ्यायचा, असे शेजारच्याला विचारले. शेवटी साध्या टपालात घेऊन पोच दिली. ती पोच बारा शेतकऱ्यांच्या सह्यांसह पुढच्या सभेत ठेवणार आहे.